चहाच्या ड्रायरसाठी भुशाच्या ब्रिकेट्स : एका हंगामाचा अनुभव

आमच्या चहा कारखान्यातील ड्रायरची भट्टी गेल्या हंगामापर्यंत दगडी कोळशावर चालत असे. या हंगामात आम्ही ती लाकडाच्या भुशापासून दाबून तयार केलेल्या, ९० मिलिमीटर व्यासाच्या ब्रिकेट्सवर, म्हणजे बाजारात ज्याला ‘पांढरा कोळसा’ म्हणतात त्यावर, चालवली. पुरवठादाराचे नाव देत नाही, कारण त्याच्या मालाबद्दल बरेवाईट दोन्ही लिहायचे आहे.

चहाच्या इंधनात मी सर्वांत आधी पाहतो तो तापाचा सारखेपणा. आंबवलेल्या पानात सुमारे ७० टक्के पाणी असते आणि ते ड्रायरमधून ३ टक्क्यांपर्यंत उतरवायचे असते. म्हणजे १ किलो तयार चहामागे साधारण सव्वादोन किलो पाण्याची वाफ करावी लागते. सरकत्या ट्रेच्या ड्रायरमध्ये आत जाणारी हवा ९० ते १०० अंश सेल्सियस असावी लागते. ती बराच वेळ खाली राहिली तर आंबण्याची क्रिया वेळेवर थांबत नाही आणि चहा शिजल्यासारखा मवाळ उतरतो. ती फार चढली तर दाण्याचे बाहेरचे अंग कडक होऊन ओल आत अडकते, आणि असा चहा साठवणीत टिकत नाही.

‘धूर अजिबात होत नाही’ असे पुरवठादाराने छातीठोकपणे सांगितले होते. पहिल्याच दिवशी चिमणीतून इतका काळा धूर निघाला की आम्ही दुपारी भट्टी बंद केली. दोष मात्र आमचाच होता. कोळसा मुख्यतः जाळीवर निखारा होऊन जळतो, तर लाकडाच्या भुशातला सुमारे ७० टक्के भाग तापताच वायू होऊन वर उठतो आणि जाळीच्या वरच्या पोकळीत पेट घेतो. आमच्या ब्लोअरची जवळजवळ सगळी हवा कोळशाच्या सवयीने जाळीखालून येत होती. खालचा झडपा निम्म्यावर आणला, वरच्या बाजूने हवा जाण्याची बुजलेली भोके मोकळी केली आणि तिसऱ्या दिवशी चिमणीवर उष्णतेची थरथर तेवढी दिसू लागली.

भट्टीवाल्यांची सवय मोडायला याहून अधिक दिवस लागले. कोळशाचा मोठा घाणा टाकून निवांत बसण्याची त्यांची रीत होती. ब्रिकेट्स तशाच टाकल्यावर आधी दार उघडे राहिल्याने हवेचा ताप ९६ वरून ८४ पर्यंत घसरे आणि मग सगळा ढीग एकदम पेटून काटा १०८ च्या पुढे जाई. थोड्या थोड्या वेळाने पाच-सहा तुकडे टाकून दार लगेच लावण्याची शिस्त बसल्यावर चढउतार तीन-चार अंशांच्या आत आला, जो कोळशावरही आम्हाला क्वचितच साधत होता.

चवीबद्दल सर्वांनाच शंका होती. चहा भोवतालचा वास पटकन ओढून घेतो, पण आमच्या ड्रायरमध्ये धूर नळ्यांच्या आतून आणि हवा बाहेरून जाते, त्यामुळे नळी तडकलेली नसेल तर इंधनाचा वास चहापर्यंत पोहोचण्याचे कारण नाही. बदल करण्यापूर्वी आम्ही प्रत्येक नळी तपासली आणि दोन बदलल्या. कोळशावरचा आणि ब्रिकेटवरचा चहा शेजारी शेजारी ओतून, कप कोणता हे न सांगता चाखायला दिला. कोणालाही फरक ओळखता आला नाही.

तक्रार आहे ती मालाच्या बेभरवशाची. हंगामाच्या मध्यावर आलेली एक गाडी दिसायला सारखीच होती, पण तुकडा मोडल्यावर आत भाताच्या तुसाचे करडे कण दिसले. तुसात राख १५ ते २० टक्के असते आणि तिच्यात बहुतांश सिलिका. परिणामी जाळीवर काचेसारखे खडे चिकटले आणि ते सळईने फोडण्यात एक पाळी गेली. पावसाळ्यातली दुसरी गाडी ताडपत्री फाटल्याने भिजून आली. ओली ब्रिकेट फुगते आणि हातात भुसभुशीत होऊन पुन्हा भुसाच उरतो. चांगली ब्रिकेट आपटल्यावर टणक वाजते, ही खूण आता दारावरचा माणूसही ओळखतो.

हिशेब वजनावर करू नये, हेही अनुभवाने कळले. आमचा कोळसा किलोमागे सुमारे ५००० किलोकॅलरी देत असे, या ब्रिकेट्स ३८०० च्या आसपास देतात. म्हणजे १०० किलो कोळशाच्या जागी जवळपास १३० किलो माल लागतो, आणि तो छपराखालीच ठेवावा लागतो. गंधकाचा उग्र दर्प मात्र गेला. पर्यावरणाचा दावा मला आरागिरणीतल्या भुशापुरता मान्य आहे. ब्रिकेटसाठी उभी झाडे तोडली जात असतील तर तो दावा कोणी करू नये.

राख ‘खत म्हणून मळ्यात टाका’ हा पुरवठादाराचा सल्ला आम्ही मानला नाही. तिच्यात पोटॅश आहे हे खरे, परंतु ती अल्कधर्मी असते आणि चहाच्या झुडपाला ४.५ ते ५.५ सामू असलेली आम्लधर्मी जमीन लागते. ती राख आम्ही भाजीपाला करणाऱ्या शेजाऱ्यांना देतो.

पुढच्या हंगामाची मागणी त्याच पुरवठादाराकडे नोंदवली आहे. फक्त भुशाचाच माल, ओल १० टक्क्यांच्या आत आणि मोजणी आमच्या फाटकावर आमच्याच मीटरने, या तीन अटी त्यात लिहून घेतल्या आहेत. तिसऱ्या अटीला त्याने होकार द्यायला आठवडा लावला.