उचलू नका, पाय उचलू नका: मागे इंजिन असलेल्या गाडीचं दोन दिवसांचं ट्रॅक प्रशिक्षण

एकोणीस वर्षं मी पुढे इंजिन असलेल्या गाड्याच चालवल्या. वळणात वेग जास्त झाला असं वाटलं की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उठायचा, आणि त्या गाड्या ते निमूटपणे सांभाळून घ्यायच्या. पोर्शे ९११ला ही सवय चालत नाही. ती मोडायला मी हे प्रशिक्षण घेतलं आणि माझे पैसे वसूल झाले.

गाडी ९११च्याच ९९२ नावाच्या पिढीतली, कॅरेरा एस हे मॉडेल. इंजिन मागच्या आसाच्याही मागे, त्यामुळे साधारण साठ टक्के वजन मागच्या चाकांवर. मागचे टायर ३०५ मिलिमीटर रुंद आणि पुढचे २४५, ते का, हे पहिल्याच वळणात कळतं. मी सवयीप्रमाणे लवकर ॲक्सिलरेटर दिला तर गाडी पुढून उलार झाल्यासारखी हलकी झाली आणि वळेचना. स्टीअरिंग आणखी फिरवूनही नाक बाहेरच जात राहिलं. प्रशिक्षकांनी तेव्हा ब्रेकचं काम समजावलं. सरळ रेषेत जोरात ब्रेक, पण वळण सुरू होताना तो एकदम सोडायचा नाही. पायाचा दाब हळूहळू कमी करत आत शिरायचं. तेवढा दाब वजन पुढच्या टायरवर ठेवतो आणि नाक आत येतं. मग थांबायचं. बाहेर पडायची वाट दिसू लागली की ॲक्सिलरेटर द्यायचा. तेव्हा मागची बाजू खाली बसते आणि गाडी जी झेप घेते, तशी ओढ मला दुसऱ्या कुठल्याच गाडीत जाणवलेली नाही.

पण या दोन दिवसांतला खरा धडा ओल्या गोलावरचा, म्हणजे पाण्याने निसरड्या केलेल्या गोल ट्रॅकवरचा. तिथे स्थिरता राखणारी यंत्रणा बंद केली होती. मी एकसारख्या वेगात गोल फिरत होते. प्रशिक्षक म्हणाले, "मॅडम, आता पाय एकदम सोडा." सोडला. क्षणभर काहीच नाही. मग सीटच्या तळातून काहीतरी सरकल्यासारखं जाणवलं, हातातलं स्टीअरिंग हलकं पडलं आणि मागची बाजू बाहेर फेकली गेली. मी उलट स्टीअरिंग देईपर्यंत आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून उभे होतो. पाय उचलला की वजन पुढे सरकतं, मागच्या टायरची पकड कमी होते आणि मागचं जड इंजिन लंबकासारखं बाहेर ओढतं. वर्गात हे आकृतीसकट ऐकलं होतं. पण ते पाठीला कळलं ते इथे. पुढचा तासभर त्याच गोलावर "उचलू नका, उचलू नका, थोडासाच कमी करा" हे ऐकत पाय शिकला.

१९६३ साली पहिल्यांदा लोकांसमोर आलेल्या या गाडीचा हा स्वभाव कंपनीनेही अनेक वर्षं निवळत आणला. १९६९च्या मॉडेलसाठी पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरनी वाढवलं, १९९३ साली आलेल्या ९९३ या पिढीत मागचं सस्पेन्शन नव्याने केलं. आजची गाडी खूप माफ करते. म्हणूनच यंत्रणा बंद करून शिकवणारा हा भाग मला मोलाचा वाटतो.

तक्रारी दोन. हेल्मेटमधला इंटरकॉम जोरात ब्रेक मारताना खरखरायचा, नेमकं जेव्हा ऐकायला हवं तेव्हाच. शेवटी प्रशिक्षकांनी तळहात खाली दाबून "थांबा" आणि पुढे सरकवून "द्या" अशा खुणा केल्या, आणि त्या खुणाच मला जास्त उपयोगी पडल्या. दुसरी गोष्ट, दोन गाड्यांमागे सहा जण होतो, म्हणजे बराच वेळ कठड्याशी उभं राहून गेला. एवढ्या शुल्कात हे बरोबर नाही आणि मी तसं लेखी कळवलं आहे.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या फेऱ्यांमध्ये लांबलचक उजव्या वळणात वेग थोडा जास्त झाला. पोटरी ताठ झाली, पण पाय जागेवर राहिला. मी दाब केसभर कमी केला, नाक आत आलं, शेजारचा तळहात पुढे सरकला.

नोंदणी करणार असाल तर आधी विचारा, ओल्या पृष्ठभागावरचा सराव किती वेळ आहे आणि एका गाडीमागे किती जण आहेत. आणि पातळ तळाचे बूट घाला. जाड तळव्यातून ब्रेकचा तो शेवटचा हलका दाब जाणवतच नाही.