जुन्या वस्तूंनी सजवलेलं मालवणातलं घर: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पावसाळा पूर्ण गेल्याशिवाय यावर काही लिहायचं नाही असं पहिल्यापासून ठरवलेलं, कारण जुन्या वस्तूंनी सजवलेल्या घरांचे जे फोटो नि व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक कोरड्या हवेतले असतात, आणि आमचं घर मालवणात, खिडकी उघडली की खारा वारा थेट आत. आमच्या पट्ट्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जुलैत तर कपाटातले कपडेही दमट लागतात. आता दिवाळी पण झाली, सगळ्या वस्तू त्यातून गेल्या, तर सविस्तर लिहिते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगून टाकते. समुद्राजवळ राहत असाल तर जुनी वस्तू कोकणातच वापरलेली घ्या, याच हवेत जुनी झालेली. दिसायला कितीही सुंदर असली तरी बाहेरून आलेली वस्तू पहिल्या पावसात काय करेल सांगता येत नाही, आणि इथल्या घरात पन्नास पावसाळे काढलेल्या वस्तूला आमच्याकडचा एक पावसाळा काहीच नाही.

पहिलं उदाहरण आमचं फणसाच्या लाकडाचं कपाट. हायवेच्या चौपदरीकरणात कणकवलीकडचं एक जुनं घर उतरवलं त्यातलं, जळाऊ लाकडात जाणार होतं. वरून हिरव्या ऑइलपेंटचे थर होते, आत काय आहे कुणाला माहीत नव्हतं. आमच्या मेस्त्रींनी खण बाहेर काढला आणि मागच्या न रंगवलेल्या बाजूला नखाने खरवडलं तर आत पिवळसर तपकिरी रंग, म्हणाले, "वयनी, ह्यो फणस आसा, डोळे झाकून घेवा." फणसाचं लाकूड ताजं असताना हळदीसारखं पिवळं असतं आणि वर्षानुवर्षं गडद होत जातं, त्यामुळे झाकलेल्या भागात जुना रंग कळतो. जोड बघितले तर खिळा नाहीच, सगळे कुसू घालून (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत) बसवलेले. पायाखाली बारीक पिठासारखा भुगा पडतोय का तेही बघायचं, भोकं जुनी असू शकतात पण ताजा भुगा दिसला तर किडा आत जिवंत आहे असं समजायचं आणि ती वस्तू घरात आणायचीच नाही, मग ती फुकट का देईना.

जुलैत या कपाटाचं एक दार फुगलं, बंदच होईना. नवरा म्हणाला रंधा मारून घेऊ, पण मेस्त्रींनी ठाम नाही म्हटलं, "पावस जाव दे, दार आपोआप बसतला." आणि खरंच ऑक्टोबरचं ऊन पडलं तसं दार पूर्वीसारखं बसायला लागलं. पावसात रंधा मारला असता तर आता हिवाळ्यात बोटभर फट राहिली असती. ज्यांच्याकडे जुनी लाकडी दारं-खिडक्या आहेत त्यांनी हे लक्षात ठेवा, लाकूड ओल घेतं नि सोडतं, त्याला वेळ द्यावा लागतो.

तसंच पॉलिशचं. चपड्याचं पॉलिश (चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून करतात ते) जुन्या लाकडावर दिसतं सुरेख, पण दमट हवेत केलं की वर पांढरट धुरकट थर येतो आणि पाण्याचा ग्लास ठेवला तरी गोल डाग उमटतो. आमच्या एका स्टुलावर तेच झालंय. म्हणून पॉलिशची कामं दिवाळीनंतर करायची आणि रोज हात लागतो, ओलं लागतं अशा वस्तूंना नुसतं जवसाचं तेल नि मेण.

रंग काढण्याबद्दल एक गंभीर गोष्ट. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) खाली ठेवायचा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, म्हणजे त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरात लहान मूल असेल तर कोरडा सँडपेपर मारून ती धूळ घरभर उडवू नका. आम्ही कपाटाचा रंग बाहेर अंगणात, पाणी मारून ओला करत, मास्क लावून खरवडला आणि निघालेला सगळा कचरा प्लॅस्टिकवर गोळा केला. कंटाळवाणं काम आहे पण यात शॉर्टकट नको.

आता झोपाळा. सागवानी फळी आणि पितळी कड्या, हा आमच्या घरातला सगळ्यात लाडका कोपरा, संध्याकाळी सासूबाई तिथून उठतच नाहीत. फळीला काहीही झालं नाही, कड्या काळवंडल्या पण त्या चिंचेने घासल्या की उजळतात. त्रास दिला तो स्लॅबमधल्या साध्या लोखंडी हुकाने. लोखंड पितळेला टेकलेलं असलं आणि वर खारं दव बसलं की लोखंड एरवीपेक्षा लवकर गंजतं, आणि आमच्या हुकावर सप्टेंबरपर्यंत पापुद्रे सुटायला लागले. माणूस बसतो तिथे हे चालणारच नाही. आता ३१६ ग्रेडचा स्टेनलेस हुक टाकलाय, बोटीचं सामान मिळतं त्या दुकानातून आणला, साध्या ३०४ पेक्षा महाग आहे पण खाऱ्या हवेत तोच टिकतो. झोपाळा घेणार असाल तर हुकाचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा.

बरण्यांना मी पैकीच्या पैकी मार्क देईन. चिनी मातीच्या, वर तपकिरी खाली पांढऱ्या, लहान-मोठ्या. घेताना टिचकी मारायची, खणखणीत आवाज आला तर घ्यायची, बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखा तडा आहे. ना गंज, ना बुरशी, ना पॉलिश, पुसलं की झालं. एकीत सुकी फुलं, एकीत लाकडी चमचे, आणि दोन मोठ्यांत खरंच मीठ नि आमसुलं, स्वयंपाकघराला यांनी जी शोभा आलीये ती कुठल्या मॉड्युलर कपाटाने आली नसती.

पितळ-तांब्याचं प्रेम असेल तर हात चालवायची तयारी हवी. घंगाळात पाणी नि फुलं ठेवते, ते घंगाळ पावसाळ्यात दर आठवड्याला घासावं लागलं, एरवी महिन्याने चालतं. सोलं किंवा चिंच लावून घासायचं, स्वच्छ धुवायचं आणि लगेच कोरडं पुसायचं, थोडं जरी ओलं राहिलं तर हिरवट डाग. एका जुन्या तपेलीवर तांबूस ठिपके आहेत, ते घासून जात नाहीत कारण तिथलं जस्त निघून गेलंय आणि नुसतं तांबं उरलंय, तशी वस्तू शोभेला ठीक. स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई हवीच, नाहीतर आंबट आमटी कळकते आणि पोटालाही ते वाईट. कल्हईवाले आता क्वचित दिसतात, आमच्या इथे जत्रेच्या दिवसांत एक जण येतो, तेव्हा सगळी भांडी एकदम करून घेते. पितळेत झाड लावायचं असेल तर आत वेगळी कुंडी ठेवा, ओली माती थेट पितळेत नको.

वेताची आरामखुर्ची घेतली, लांब हातांची, जुनी. बसायला स्वर्ग. पण वेताच्या जाळीवर ऑगस्टमध्ये बुरशी धरली, कोमट मिठाच्या पाण्याने पुसून वाऱ्यावर वाळवली तेव्हा गेली. विणणारा माणूस मिळवायला फार फिरावं लागलं, शेवटी सावंतवाडीत एक वयस्कर काका भेटले, त्यांनी जी घट्ट, डोळ्यात डोळा बसवून जाळी विणलीये ती बघत बसावी अशी. प्लॅस्टिकची जाळी स्वस्त पडते आणि बुरशीही धरत नाही हे खरं, पण उन्हाळ्यात पाठीला घाम येतो.

लोखंडी ट्रंक मात्र समुद्राजवळ घेऊ नका. आतून-बाहेरून रेड ऑक्साइड (गंज धरू नये म्हणून लावतात तो लाल हात), वर रंग, तरी कडांना गंज फुटलाच, खाली ठेवलेल्या चटईवर डाग पडले. घाटावर राहणाऱ्यांनी खुशाल घ्यावी.

जुनी देवादिकांची चित्रं लावायची खूप हौस होती. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, तिथल्या छापील तसबिरी कोकणातल्या कितीतरी देवघरांत होत्या. विकणारे आता प्रत्येक लक्ष्मी-सरस्वतीला "ओरिजिनल रविवर्मा प्रेस" म्हणतात. भिंग घेऊन बघा, जुन्या दगडी छपाईत ठिपके वेडेवाकडे, हाताने टाकल्यासारखे असतात, आजच्या ऑफसेटमध्ये ते एकसारख्या जाळीत बसतात. आम्हाला मिळाली ती सरस्वती खरी जुनी आहे. काच आणि कागद यांच्यात थोडी फट ठेवून नवीन फ्रेम केली आणि बाहेरच्या नाही तर आतल्या कोरड्या भिंतीवर लावली, एकही डाग नाही.

"बर्मा टीक", म्हणजे ब्रह्मदेशातला साग, हाही असाच शब्द. रत्नागिरीत ब्रह्मदेशच्या थिबा राजाचा राजवाडा आहे म्हणून की काय, आमच्याकडे प्रत्येक जुन्या खुर्चीला ब्रह्मदेशाचा इतिहास चिकटवतात नि भाव दुप्पट करतात. स्थानिक साग, शिसवी, फणस, सगळं उत्तम आहे, नावाचे पैसे देऊ नका.

आणि जुन्या घरांत भिंतीवर सांबराची, भेकराची शिंगं असतात, कुणी विकायला काढली तर अजिबात हात लावू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती खरेदी-विक्री गुन्हा आहे. परदेशातल्या नातेवाइकांसाठी मूर्ती वगैरे घेणाऱ्यांनीही बघून घ्या, १०० वर्षांपेक्षा जुन्या मूर्ती, चित्रं, कोरीव कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाहीत.

खरेदीसाठी सगळ्यात चांगले दिवस एप्रिल-मे, कारण घरं उतरवायची, कौलं परतायची कामं पावसाआधी उरकतात, आणि मग गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस, तेव्हा चाकरमानी यायच्या आत घरं साफ होतात आणि माळ्यावरचं सामान खाली येतं. भंगारवाल्याकडे गेलेलं पितळ किलोवर वितळायला जातं, म्हणून गावातल्या एक-दोन भंगारवाल्यांना आधीच सांगून ठेवलंय की समई, घंगाळ, तांब्याचा बंब आला तर तोडायच्या आधी फोन करा. ते करतात. घरमालकांना भंगारापेक्षा चार पैसे जास्त मिळतात हे मला फार आवडतं, आणि वस्तू कुणाची, कुठल्या गावची, कोणत्या खोलीत असायची हे विचारून मी एका वहीत लिहून ठेवते. कपाट ज्यांचं होतं त्या आजींना घरी बोलावून दाखवलं, त्यांनी आतला चोरखण उघडून दाखवला जो आम्हाला तोपर्यंत सापडलाच नव्हता.