जलपर्णी की घाणेरी? श्रमदानाचे हात आधी कुठे लावायचे

मंडळाकडे रविवारी येणारी वीस-पंचवीस माणसं, थोड्या कुदळी-कोयते आणि एका ट्रॅक्टरच्या डिझेलपुरते पैसे असतील, तर जलपर्णी काढायला नदीत उतरायचं की घाणेरीची झुडपं काढायला डोंगर चढायचा? वाईपासून सांगलीपर्यंत कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांपुढे हा प्रश्न असतो. माझं मत आधीच सांगतो: गावाचं सांडपाणी नदीत मिसळत असेल, तर आधी डोंगर.

जलपर्णी सगळ्यांच्या नजरेत भरते, म्हणून तिच्याविरुद्ध माणसं लवकर गोळा होतात. चकचकीत गोलसर पानं, जांभळा तुरा, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. खात्री करायची तर फुगलेला देठ मोडून बघा, आत स्पंजासारखा पोकळ गर असतो. तिची मुळं पाण्यात लोंबतात. चिखलात मुळं रोवलेली कुमुदिनी आपली आहे, तिला हात लावू नका. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिच्या थराखाली उजेड पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो आणि मासे गुदमरतात.

पण ती वाढते सांडपाण्यावर. कोल्हापुरी बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले, पाणी थबकलं आणि वरून सांगलीच्या शेरीनाल्यासारखा एखादा नाला येऊन मिळाला, की अनुकूल हवेत ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. रोपं एकमेकांना धावत्या फांद्यांनी जोडलेली असतात, त्यामुळे काठाला राहिलेल्या दोन-चार रोपांवरही पुन्हा पसारा उभा राहतो. बी गाळात वर्षानुवर्षं जिवंत असतं. पुरात वाहून गेली तर खालच्या गावाच्या बंधाऱ्याला अडकते. म्हणून नदीतलं काम जेसीबी आणि सांडपाण्याच्या बंदोबस्ताचं आहे, श्रमदानाचं नाही. अपवाद एकच: गावतळं छोटं असेल आणि त्यात गटार येत नसेल, तर उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर एकदा पूर्ण काढा आणि पुढे दर महिन्याला फेरी मारा. काढलेला ढीग काठावर सोडू नका. गटाराच्या पाण्यातली असेल तर तिचं खत भाजीपाल्याला घालू नका, कारण ती जड धातू शोषून घेते.

घाणेरीचं तसं नाही. अजिंक्यतारा, यवतेश्वर अशा डोंगरांच्या उतारांवर ती गवताची जागा घेते. हिलाच कुणी टणटणी म्हणतात. चौकोनी खोड, उलट वळलेले बारीक काटे, खरखरीत पान. चुरगाळलं की उग्र वास. एकाच गुच्छात पिवळी-गुलाबी किंवा केशरी फुलं, नंतर काळी फळं. बुलबुल ती फळं खाऊन बी पसरवतात. करवंदीशी घोळ करू नका: तिचे काटे लांब, जोडीने येतात आणि पान तोडलं की पांढरा चीक निघतो. करवंद, तोरण, धायटी राखायची आहेत. कोयते हातात देण्याआधी प्रत्येकाला तिन्हींची एकेक फांदी दाखवा.

घाणेरी नुसती वरून छाटली किंवा जाळली, तर बुडातून चौपट फुटते. पावसाने जमीन मऊ झाली की बुंध्याभोवती थोडं उकरा. खोड आणि मूळ जिथे मिळतात, त्याच्या खाली, मातीतच तोडा आणि झुडूप उलटं करून ठेवा, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. एवढं केलं तर हे काम टिकतं. मोकळ्या जागेत लगेच पवन्या, मारवेल या गवतांचं बी टाका. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यात रोपं उपटत राहा. सगळा उतार एकदम मोकळा करू नका. दाट जाळीत पक्षी घरटी करतात, तेव्हा आधी बघून पट्ट्यापट्ट्याने पुढे जा. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी घ्यावी लागते.

हात उरले तर गाजरगवत फुलोऱ्याआधी, हातमोजे घालून उपटा.

बाहेरून आलेल्या माशांबाबत मात्र निवड शिल्लकच नाही. चिलापी (तिलापिया) नदीत रुळली की ती निघत नाही. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे चिलापीची संख्या भराभर वाढते. आफ्रिकन मांगूर पाळायला भारत सरकारने 2000 सालीच बंदी घातली. तो लहान मासे फस्त करतो, हवेत श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत पुढच्या पाण्यात जातो. जत-आटपाडीकडे शेततळ्यात बीज सोडणाऱ्यांनी ‘मांगूर’ या नावावर घेऊ नये, जात कोणती ते मत्स्यव्यवसाय विभागाकडून तपासून घ्यावं. शंका असेल तर रोहू-कटला घ्या आणि तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावा.