चरबीला आंबट हवं: प्रवासातलं पोर्क, पुण्याच्या गॅसवर

पोर्कची यादी समोर आली की बहुतेक पुणेकर पहिल्यांदा एकच वाक्य बोलतात: "चरबी नको हं." गोव्यात काय, मडिकेरीत काय, कोहिम्यात काय, पदार्थाची वाट तिथेच लागते. या सगळ्या ठिकाणची पाककृती चरबी धरूनच बेतलेली असते आणि त्या चरबीला तोलायला प्रत्येकाने आपापलं आंबट शोधलेलं आहे. गोव्यात माडाच्या माडीचं व्हिनेगर, कोडगूत (म्हणजे कूर्गमध्ये) काचमपुळी हा फळाचा आटवलेला आंबट रस, नागा घरात आंबवलेले बांबूचे कोंब. चरबी काढून टाकली तर उरतं नुसतं आंबट आणि वर चामट मांस. मग "पोर्क काही एवढं खास नसतं" असा शेरा मारून माणूस परत येतो.

या परीक्षणात प्रवासातून पिशवीत घालून पुण्यापर्यंत आणता येतात अशा तीन वस्तू घेतल्या आहेत: म्हापशाची चोरीस, म्हणजे पोर्कचं मसालेदार सॉसेज, कोडगूची काचमपुळी आणि नागा पद्धतीचं धुरावलेलं पोर्क. तिथे काय मागवावं, विकत घेताना काय बघावं आणि इथल्या गॅसवर ती नीट होते का, एवढंच पाहायचं आहे.

सुरुवात चोरिसीपासून, कारण गोवा आपल्याला एका रात्रीच्या अंतरावर आहे आणि फसवणूकही तिथेच जास्त होते. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. चोरीस विकणाऱ्या बायका माळा लटकवून किंवा परडीत गुंडाळून बसलेल्या असतात. पोर्कचे बारीक तुकडे आधी मिठात मुरवायचे, मग लाल मिरची, लसूण, आलं, मिरी, जिरं, लवंग, दालचिनी आणि हळद माडीच्या व्हिनेगरमध्ये वाटून ते वाटण चोळायचं, आतड्यात भरून दोऱ्याने मणी बांधायचे आणि उन्हात किंवा धुरावर वाळवायचे, अशी ही रीत. मूळ हेतू पावसाळ्याची बेगमी. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सांडगे-पापड होतात त्याच हिशेबाने. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर मिळणारा माल साधारणपणे जास्त वाळलेला असतो. भर पावसात ताजी म्हणून दिलेली ओली चोरीस वजनाला जड लागते, त्यात पैसे पाण्याचे जातात.

घेताना मणी दोन बोटांत दाबून बघा. तो कडक, आत किंचित दबणारा हवा. दाबल्यावर लाल पाणी सुटलं तर तो वाळलेला नाही. आतल्या चरबीचे ठिपके पांढरे दिसायला हवेत. पिवळट असतील तर चरबी खवट झाली आहे आणि ती चव कितीही कांदा घातला तरी लपत नाही. रंग विटकरी-लाल असावा, लग्नाच्या जिलबीसारखा झगझगीत नको. वास आधी व्हिनेगरचा आणि लसणाचा यावा. मांसाचा कुबट वास आधी आला तर पुढच्या परडीकडे जा. विकणारीला चव विचारण्यापेक्षा "कितके दीस सुकयल्या?" हे विचारलेलं बरं. उत्तर किती चटकन आणि ठामपणे येतं त्यावरून बरंच कळतं.

आणायची कशी? प्लास्टिकची पिशवी गच्च बांधून नेली की आत घाम धरतो आणि बुरशी येते. कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून स्टीलच्या डब्यात, झाकण किंचित सैल. नीट वाळलेला माल गोवा एक्सप्रेसने किंवा रात्रीच्या बसने आरामात येतो. घरी आल्यावर महिन्याभरात संपवायची असेल तर फ्रिजमध्ये, नाहीतर एका वेळेपुरत्या पुड्या करून फ्रीझरमध्ये. केसाळ बुरशी दिसली, मग ती हिरवी असो की काळी, तर पुसून वापरायच्या भानगडीत पडू नका, फेकून द्या.

आणि हे ठळकपणे सांगायला हवं की चोरीस कच्ची असते. वाळवलेली आणि तिखट असली तरी शिजवलेली नसते. पूर्ण शिजवल्याशिवाय तोंडात टाकायची नाही.

आता शिजवणं. पुण्यात सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे. आपण कढई तापवतो, तेल घालतो, कांदा परततो आणि मग मांस घालतो. चोरिसीला हा क्रम उलटा लागतो. पाव किलो चोरीस घ्या, दोरे काढा, मण्यांना चीर देऊन साल सोडवा, आतला ऐवज मोकळा करा. गार कढईत तो टाका, अर्धी वाटी पाणी घाला, झाकण ठेवा आणि मंद आचेवर वीस मिनिटं सोडून द्या. पाणी मांस मऊ करतं आणि आटत येईपर्यंत चरबी आपोआप वितळते. कढईत लाल तेल दिसायला लागलं की तीन मध्यम कांदे उभे चिरून त्यातच परता. वेगळं तेल नको, मीठ नको, व्हिनेगर तर अजिबात नको, ते सगळं आत आहेच. कढई आधी तापवलीत तर मिरचीचं वाटण तळाला लागून कडवट होतं आणि मांस रबरासारखं राहतं. खारट झालं तर एक बटाटा बारीक फोडी करून घाला. टोमॅटो घालू नका, आंबटावर आंबट चढून सगळं एकसुरी होतं.

यासोबत गोव्यात पोय मिळते, वरून कोंडा लावलेली, आतून पोकळ. आपला लादीपाव त्या लाल तेलात दोन मिनिटांत लगदा होतो. पुण्यात त्याला चांगला पर्याय कॅम्पातल्या इराणी बेकऱ्यांमधला ब्रून. कडक साल तेल धरून ठेवते. उरलेलं लाल तेल कढईत ठेवा आणि सकाळी त्यात अंडं फोडा. एवढ्यासाठी चोरीस आणायला हरकत नाही, असं म्हणण्याइतकं ते चांगलं लागतं.

गोव्यात बसून खायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. विंदालूमध्ये बटाटा दिसला तर ताट परत पाठवलं नाहीत तरी मनात शेरा मारून ठेवा. या नावातल्या 'आलू'चा बटाट्याशी संबंध नाही, मूळ पोर्तुगीज शब्द वाइन आणि लसूण यांचे आहेत. सोर्पोतेल मागवताना वेटर अभिमानाने "आजचंच आहे" म्हणाला तर ते कौतुक समजू नका. त्यात मांसाबरोबर काळीज आणि हृदयही असतं, तुकडे जेमतेम वाटाण्याएवढे, आणि व्हिनेगर त्यांच्यात शिरायला दोन-तीन दिवस लागतात. रोज थोडं गरम करून मुरवलेलं सोर्पोतेल आणि ताजं सोर्पोतेल यांत काल घातलेलं आणि वर्षभर मुरलेलं लोणचं एवढा फरक असतो. सोबत पाव नको, सान्ना, म्हणजे गोव्याकडची तांदळाची इडली, मागा. तुकडे मोठे आणि रस्सा पातळ असेल तर स्वयंपाकघराने घाई केली आहे.

पण पहिल्यांदाच पोर्क खाणाऱ्या मराठी जिभेने विंदालू किंवा सोर्पोतेलपासून सुरुवातच करू नये, असं स्पष्ट मत आहे. सोलांतुलें शोधावं. नावातच सोलं आहेत. पोटाकडचं, चरबीचे थर असलेलं मांस, लसूण, हळद, मिरची आणि आमसुलं, एवढ्यावर मंद आचेवर शिजणारा पदार्थ. आमटीतलं आमसूल आपल्या ओळखीचं असतं, त्यामुळे चरबी परकी वाटत नाही. पर्यटकांच्या हॉटेलांत तो क्वचित मिळतो, घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. पुण्यात करायचा तर किलोभर मांसाला दहा-बारा आमसुलं, तीही शेवटच्या पंधरा मिनिटांत. आधी घातली तर मांस मऊ व्हायला वेळ लागतो.

आमसुलावरून कोडगूत जाणं सोपं आहे, कारण काचमपुळी हा आमसुलाचाच भाऊबंद. आपलं कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका आणि तिकडचं फळ गार्सिनिया गमी-गुट्टा, कूळ एकच. पिकलेल्या फळांचा रस आटवत आटवत काळाकुट्ट, काकवीसारखा दाट करतात. पंदि करी, म्हणजे डुकराच्या मांसाचा कोडवा रस्सा, या काळ्या रसावर उभा आहे.

बाटली घेताना ती आडवी करून बघा. रस काचेला चिकटून सावकाश उतरला तर ठीक. पाण्यासारखा खळखळला तर तो पातळ केलेला आहे. वास आंबट, पण किंचित धुरकट हवा. हॉटेलात परीक्षा जिभेनेच करायची: व्हिनेगरचा आंबटपणा जिभेच्या टोकाला चटकन लागून विरतो, काचमपुळीचा सावकाश येतो आणि घास गिळल्यावरही मागे राहतो. महामार्गालगतच्या ठिकाणी व्हिनेगर किंवा चिंचेवर भागवलेली पंदि करी मिळते आणि तिच्यात खोबऱ्याचं वाटणही सापडतं. ती वाईट लागते असं नाही, पण ती पंदि करी नव्हे.

घरी करताना धणे दोन मोठे चमचे, मिरी एक मोठा चमचा, जिरं आणि मोहरी एकेक लहान चमचा. हे कोरडं भाजायचं आणि आपल्या काळ्या मसाल्यापेक्षाही एक पायरी पुढे न्यायचं, जळायच्या जेमतेम अलीकडे. किलोभर पोर्क, कातडीसकट, दीड इंचाच्या फोडी. कॅम्पातल्या खाटकाकडे "लीन द्या" म्हणू नका, खांद्याचं किंवा पोटाचं मांस कातडी ठेवून मागा. कातडी शिजल्यावरच रस्स्याला चिकट दाटपणा येतो. कांदा, लसूण, आलं, मिरची, हळद आणि मीठ लावून मांस स्वतःच्या पाण्यातच शिजू द्या. भाजलेली पूड आणि दीड ते दोन चमचे काचमपुळी अगदी शेवटी, मग दहा मिनिटं मंद आच. कुकर वापरायचा तर तीन शिट्ट्यांवर थांबा. जास्त केल्यात तर चरबी वितळून वर तवंग येतो आणि फोडींत काही उरत नाही. तिकडे सोबत कडंबुट्टू, म्हणजे तांदळाच्या रव्याचे उकडलेले गोळे. इथे तांदळाची भाकरी बेष्ट. उघडलेली बाटली बराच काळ टिकते, म्हणून दोन आणा.

एक शंका हमखास येते ती जंतांची. अर्धवट शिजलेल्या पोर्कमधून पोटात पट्टकृमी जाऊ शकतो, म्हणून फोडीच्या मध्यापर्यंत ७१ अंश सेल्सियस तापमान गाठलं की काळजी मिटते. या सगळ्या रस्स्यांत ते सहज गाठलं जातं. मेंदूत गाठी होणारा आजार मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतो, आणि ती दूषित पाणी, न धुतलेले हात किंवा कच्ची भाजी यांतून जातात. म्हणजे प्रवासात जपायचं ते रस्स्याइतकंच शेजारच्या कोशिंबिरीला. वासाची तक्रार वेगळी. खच्ची न केलेल्या नराच्या चरबीला गरम झाल्यावर उग्र दर्प येतो. कच्चं मांस हुंगून तो कळत नाही. चरबीचा एक तुकडा आधी तव्यावर तापवून बघा.

ईशान्येकडचं पोर्क आता पुण्यात बसूनही खाता येतं, तिकडून शिकायला आणि नोकरीला आलेल्या मुलांची कृपा. पण मागवताना सगळं 'नॉर्थ-ईस्ट' एकाच पातेल्यात टाकू नका. खासी घरातलं काळ्या तिळाचं पोर्क, डोह स्नियांग नेइयोंग, हे आंबटाच्या नियमाला सरळ अपवाद आहे. तिथे आंबट काही नाही, भाजून वाटलेले काळे तीळच चरबी शोषून घेतात. शिलाँगमध्ये ते जाडोह, म्हणजे मांसाबरोबर शिजवलेल्या भातासोबत घ्या. घरी करताना तीळ आणि कारळे यांची अदलाबदल करू नका. रंग जवळचा असला तरी कारळ्याचा कडवटपणा रस्सा खाऊन टाकतो.

नागा धुरावलेलं पोर्क चुलीवर टांगून ठेवलेलं असतं, बाहेरून काळं, आत घट्ट. चांगल्या तुकड्यावर चरबीचा थर पिवळसर-पारदर्शक दिसतो आणि बोटाला ओल लागत नाही. आधी गरम पाण्यात ठेवून काजळी सुरीने खरवडा, पातळ काप करा, अर्ध्या किलोला चार शिट्ट्या. मग अखुनी, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, एक मोठा चमचा, आंबवलेले बांबूचे कोंब मूठभर आणि राजा मिरची एक, तीही अख्खी, फुटू न देता. तेल, हळद, गरम मसाला काही नाही. गोडा मसाला घालून बघायचा मोह होतो, पण धूर आणि दगडफूल एकमेकांत मिसळून रस्सा औषधी काढ्यासारखा लागतो. बांबूचे कोंब कुणाला परके वाटत असतील तर ठाणे-पालघरकडे पावसाळ्यात वास्ते खातात ते आठवावेत.

धुरावलेलं मांस आणायला सोपं आहे, अडचण अखुनीची. तिचा वास सुकट भाजण्याच्या तोडीचा आणि रेंगाळण्यात दोन पावलं पुढे. भाड्याच्या फ्लॅटमध्ये खिडकी उघडून, रविवारी दुपारी, शेजारी गावाला गेलेले असताना करावी. उरलेली घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, बरणी पिशवीत आणि पिशवी फ्रीझरमध्ये. दह्याच्या भांड्याशेजारी मात्र कधीही नको. दोन दिवसांनी ताकालाही तोच वास येतो.