बायबल क्विझ: पाठांतर, कार्डं की वही? आणि बझर आधी दाबायचा की थांबायचं?

परवा कसबा बावड्यातनं भाच्याचा फोन. "मामा, मार्क दिलाय, सहा आठवडे हाईत, आम्ही चौघं, त्यातले दोघं एकदम नवीन. पाठांतर धरू का कार्डं करू? आणि ह्या वेळी बझर असणाराय म्हणे." मार्क म्हणजे बायबलातलं मार्कचं शुभवर्तमान, येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांतलं एक, आणि बझर म्हणजे उत्तर द्यायला आधी दाबायचं ते बटण. म्हटलं थांब, फोनवर सांगून तुझ्या डोक्यात राहायचं नाही, लिहूनच काढतो. तर हे त्याच्यासाठी, आणि ज्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, यूथ ग्रुपनं नाहीतर संडेस्कूलनं क्विझ ठेवलीय आणि तयारी कशी करायची यावर नुसता घोळ चाललाय त्यांच्यासाठी पण. मी बरीच वर्षं खेळलो, आता पोरांना बसवतो, त्यामुळं मतं जरा ठाम आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

पहिल्यांदा एक गैरसमज काढतो कारण भाचा पण त्यातच अडकलाय. पोरं यूट्यूबवर अमेरिकेतल्या क्विझ बघतात. तिकडं बऱ्याच ठिकाणी खुर्चीवर पॅड असतं, पोरगं बुड उचललं रे उचललं की दिवा लागतो, प्रश्न अर्धा पण झालेला नसतो, आणि मग राहिलेला प्रश्नही त्यानंच पूर्ण करायचा आणि उत्तरही द्यायचं. बघायला नाद खुळा वाटतं. मग आपली पोरं ठरवतात की आपण पण असंच उडायचं, आणि पहिल्या राउंडला मायनसमध्ये जातात.

का जातात ते मला पण लई उशिरा कळलं. इंग्लिशमध्ये प्रश्नाचा शब्द बहुतेक वेळा सुरुवातीलाच असतो. 'हाऊ मेनी' ऐकलं की आकडा हवाय हे कळलं, 'हू' ऐकलं की माणूस हवाय, फक्त कशाबद्दल ते कळायचं राहतं. मराठीत उलटं. कशाबद्दल ते आधी कळतं आणि काय हवंय ते सगळ्यात शेवटी. आता हा प्रश्न बघा: "डुकरांचा जो कळप कड्यावरून धावत जाऊन समुद्रात पडला, त्यात सुमारे किती डुकरं होती?" 'डुकरांचा कळप' ऐकल्या ऐकल्या तुम्हाला पाचवा अध्याय आठवला, येशूनं माणसातली भुतं डुकरांत घातली ती गोष्ट, शाब्बास, पण उत्तर काय देणार? दोन हजार? का भुतानं सांगितलेलं नाव, म्हणजे सैन्य? का गावात जाऊन बातमी सांगणारे ते डुकरं चारणारे? एकाच गोष्टीतली तीन उत्तरं, आणि 'किती' हा शब्द पार शेवटाकडं. म्हणजे आपल्याकडं लवकर दाबायचं तर एका गोष्टीच्या आजूबाजूचं सगळं डोक्यात एकदम उभं राहायला पाहिजे, आणि थांबून दाबायचं असेल तर तेवढं लागत नाही. म्हणून अभ्यास कसा करायचा आणि बझर कसा दाबायचा हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, एकच आहे.

पाठांतर

आमच्या आज्जीनं माझ्याकडनं याकोबाचं पत्र पाठ करून घेतलेलं, ५ अध्याय, १०८ वचनं, संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळेला रोज म्हणायचं. आजही सुरुवात करून दिली की गाडी सुटते. पण मधनंच कुणी विचारलं, तिसऱ्या अध्यायात जिभेला कशाकशाची उपमा दिलीय, की मी मनातल्या मनात अध्यायाच्या सुरुवातीपासनं म्हणत येतो. सात आठे विचारल्यावर सात एके सात पासनं सुरू करणारी पोरं असतात ना, तसं. तोपर्यंत समोरच्यानं उत्तर देऊन पाणी पण पिलेलं असतं.

पण पाठांतराला नावं ठेवायची नाहीत. 'वचन पूर्ण करा' किंवा 'हे कोण कुणाला म्हणालं' असले राउंड असतील तर पाठांतरवाल्याला तोड नाही, दोन शब्द ऐकले की तो गेला. आणि चाल लावून म्हटलं तर वर्षानुवर्षं टिकतं, आपल्या भजनी मंडळींना विचारा.

प्रश्न वेळेचा आहे. मार्कचे १६ अध्याय, साधारण ६७८ वचनं. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, रोजची सोळा वचनं नवीन आणि वर मागची उजळणी, कॉलेज, ट्यूशन, रविवारची उपासना सगळं सांभाळून. चौघातल्या एकानं केलं तर खरं, चौघांनी ठरवलं तर पाचव्या अध्यायाला सगळे बसणार.

आणि हो, कुठलं बायबल ते आयोजकांना आधी विचारा. बायबल सोसायटीचं नेहमीचं पवित्र शास्त्र, सोप्या मराठीतली भाषांतरं, कुणाच्या घरात आज्जीच्या पेटीतलं पंडिता रमाबाईंचं भाषांतर (ते पूर्ण छापून आलं १९२४ ला, बाई गेल्यावर दोन वर्षांनी), सगळ्यांची शब्दरचना वेगळी. एकानं एक पाठ केलं, दुसऱ्यानं दुसरं, आणि पंचाच्या हातात तिसरं असलं की भांडणच. काही आवृत्त्यांत तर ७:१६ (सातवा अध्याय, सोळावं वचन) आणि ९:४४ सारखी वचनं मुख्य मजकुरात नसतातच, त्यामुळं वचनांचा आकडा पण पुढंमागं होतो.

कार्डं

एका बाजूला प्रश्न, मागं उत्तर. बरोबर आलं तर पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्या कप्प्यात, पहिला कप्पा रोज बघायचा, मागचे दोन-चार दिवसांनी. सेबास्टियन लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकारानं १९७२ मध्ये ही पद्धत पुस्तकात मांडली, आम्ही चपलांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याच्या फळ्या घालून तीच केली. कोल्हापुरात चपलांच्या खोक्यांना काय तोटा.

कार्डांचा फायदा असा की नुसतं वाचण्यापेक्षा स्वतःला विचारलेलं जास्त टिकतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढं होते, पण आठवड्यानं घेतली तेव्हा स्वतःची परीक्षा घेतलेले पुढं गेले. म्हणजे आदल्या रात्री पाच वेळा वाचून 'सगळं येतंय' असं वाटतं ना, ते वाटणंच फसवं आहे. नवीन पोरांना मी कार्डंच देतो, पहिल्याच आठवड्यात चार उत्तरं आली की तोंड उघडतं त्यांचं.

तोटा एकच पण मोठा. कार्ड एकाच दिशेनं शिकवतं. 'आंधळ्या भिकाऱ्याचं नाव काय' म्हटल्यावर बार्तिमय येतं, पण 'बार्तिमय कुठल्या गावाबाहेर बसला होता' म्हटलं की गप्प. यरीहो माहीत असतं, फक्त त्या कार्डावर नसतं.

नावाची वही

ही माझी लाडकी, त्यामुळं थोडं झुकतं माप समजून घ्या. दोनशे पानी वही घ्यायची. पानाच्या मधे एक नाव, वस्तू नाहीतर आकडा लिहायचा आणि त्याच्याभोवती मार्कमधलं त्याचं सगळं. 'बारा' या पानावर याईराची मुलगी बारा वर्षांची, रक्तस्राव होणारी बाई पण बारा वर्षं आजारी, आणि दोघी एकाच पाचव्या अध्यायात, वर बारा शिष्य, वर उरलेल्या भाकरीच्या तुकड्यांच्या बारा टोपल्या. 'दीनार' या पानावर दोनशे दीनारांच्या भाकरी सहाव्या अध्यायात आणि तीनशे दीनारांपेक्षा जास्तीचं सुगंधी तेल चौदाव्यात. तिथंच लाल पेनानं लिहून ठेवायचं की येशूला धरून द्यायला यहूदाला मिळालेले तीस रुपये मार्कमध्ये नाहीत, ते मत्तयाच्या शुभवर्तमानात आहेत. प्रश्न काढणारे असल्या जागा बरोबर हेरून ठेवतात.

फक्त मार्कमध्येच सापडणाऱ्या गोष्टींचं वेगळं पान करा. तलीथा कूम, म्हणजे 'मुली, ऊठ', हे याईराच्या मुलीला येशूनं म्हटलेले शब्द. चौदाव्या अध्यायात अंगावरचं तागाचं वस्त्र टाकून उघडाच पळालेला तो तरुण. येशूचा क्रूस वाहिलेल्या कुरेनेकर शिमोनाची दोन पोरं, आलेक्सांद्र आणि रूफ. माझ्या अनुभवानं या दोघा भावांवर प्रश्न न आलेली मार्कची क्विझ मी बघितलेली नाही.

वही करायला वेळ लागतो, एका अध्यायाला दोन संध्याकाळी जातात. आणि दुसऱ्यानं केलेली वही झेरॉक्स करून उपयोग नाही, लिहिताना जे डोक्यात बसतं तेच खरं.

आता बझर

आधी माझी फजिती सांगतो. शेजारच्या जिल्ह्यात फायनल, शेवटचे तीन प्रश्न, आम्ही पाच मार्कांनी पुढं. पंचानं सुरू केलं, "येशूने भाकरी मोडून लोकसमुदायाला वाढायला दिल्या, आणि उरलेल्या तुकड्यांच्या..." मी दाबला, उभा राहिलो, छाती काढून "बारा टोपल्या". पंचानं चष्मा वर केला आणि म्हणाले, "चार हजारांच्या वेळेचं विचारत होतो." मार्कमध्ये येशू दोनदा गर्दीला जेवू घालतो, पाच हजारांच्या वेळी बारा टोपल्या उरल्या, चार हजारांच्या वेळी सात भाकरी आणि सात टोपल्या. आमचे मार्क कापले, प्रश्न पलीकडं गेला, त्यांनी 'सात' म्हटलं, संपला विषय. घरी येऊन मार्कचा आठवा अध्याय उघडला तर १९ आणि २० व्या वचनात प्रभूनं स्वतःच शिष्यांना विचारलंय, पाच हजारांच्या वेळी किती टोपल्या, चार हजारांच्या वेळी किती. शिष्यांना बरोबर आलं, मला नाही.

तर हिशोब. समजा बरोबरला १० आणि चुकीला वजा ५. नुसतं एवढंच बघितलं तर तीनात एकदा बरोबर आलं तरी तोटा नाही, म्हणून पोरं म्हणतात उडू या. पण चुकल्यावर पूर्ण प्रश्न समोरच्या टीमला जात असेल आणि ती टीम दहात आठ वेळा बरोबर देणारी असेल, तर तुमची चूक पाचाची राहत नाही, तुमचे पाच गेले आणि त्यांना सरासरी आठ मिळाले, म्हणजे जवळपास तेराची होते. मग दहात सहा वेळा तरी बरोबर यायची खात्री पाहिजे, तरच लवकर दाबण्यात अर्थ आहे. मायनस मार्किंगच नसेल आणि चुकलेला प्रश्न पलीकडं जात पण नसेल तर बिनधास्त दाबा, थांबणारा येडा. म्हणून नियमाचा कागद आधी वाचायचा, आणि मधेच दाबल्यावर राहिलेला प्रश्न आपण पूर्ण करायचा का नुसतं उत्तर द्यायचं तेही विचारून घ्यायचं.

लवकर आणि उशिरा यांच्या मधे एक जागा आहे, मी ती शिकवतो. जुने प्रश्न घ्या आणि पेन्सिलनं खूण करा की कुठल्या शब्दानंतर एकच उत्तर शिल्लक राहतं. टोपल्यांच्या प्रश्नात तो शब्द 'चार हजार' आहे, तोपर्यंत बोट हलवायचं नाही. आणि जिथं सगळं प्रश्नाच्या शब्दावरच अडलंय तिथं पंचाच्या आवाजाकडं लक्ष द्या. बरेच वाचणारे 'किती', 'कोणी' म्हणायच्या आधी एक बारीक श्वास घेतात नाहीतर आवाज चढवतात. ऐकल्यापासनं बोट हलेपर्यंत साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, आणि पंचाला पण बझर ऐकून थांबायला तेवढाच वेळ लागतो. श्वासाला दाबलं तर त्यांच्या तोंडातनं 'कि' नाहीतर 'को' निसटलेलं असतं. 'कि' आला की आकडा, 'को' आला की बहुतेक वेळा माणूस, 'कु' आला की जागा (कोल्हापुरी पंच असेल तर मात्र 'कुणी' पण असू शकतं, तेवढं धरून चाला). हे जमायला वही पक्की पाहिजे, कारण 'कि' कळल्यावर आकडा शोधत बसायला वेळ नसतो.

यंत्राचं थोडक्यात. टेबलावरची घंटी असेल तर दोन घंट्या एकदम वाजतात आणि पुढची पाच मिनिटं वादात जातात. फोनवरची अॅप घरच्या सरावाला ठीक, पण वायफायवर एकाचा फोन पटकन जातो आणि दुसऱ्याचा रेंगाळतो, मॅचला नको. वायरवाली पेटी सगळ्यात बरी, पहिलं बटण दाबलं की बाकीची बंद, वाद नाही. आम्ही एका इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडनं करून घेतली, प्लायवूडची, घराच्या बेलची सहा बटणं आणि प्रत्येकावर लाल दिवा. एक लक्षात आलं की पोरं तळहातानं मारतात, हात वरनं खाली येईपर्यंत उशीर होतो. अंगठा बटणावर आधीच टेकवून ठेवायचा, अर्धा दाबलेला, मग फरक बघा.

तर भावा, तुझ्यासाठी. नवीन दोघांना कार्डं, अध्याय १ ते ८ आणि ९ ते १६ असे वाटून, आणि त्यांना सांग की प्रश्न पूर्ण ऐकल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. तुझी बहीण गाते चांगलं, तिनं निवडक पन्नास-साठ वचनं चालीवर पाठ करावीत, सगळा मार्क नको. वही तू कर, सोळाच्या सोळा अध्याय, आणि श्वासाला दाबायची परवानगी फक्त तुलाच. एकजण आजारी पडला तर काय म्हणून वाटणीत प्रत्येक अध्यायाला दोघं तरी येऊ देत.

शनिवारी पाच वाजता पेटी घेऊन येतोय. चार नंबरचं बटण अडकतंय, स्क्रू ड्रायव्हर घरात काढून ठेव.