अपडेटनंतर चार्ज न होणारे हँडहेल्ड जीपीएस: बॅटरी बदलण्यापूर्वी

देवगड बंदरातून सुटणाऱ्या आमच्या लहान होडीवर काही हंगामांपासून एक हँडहेल्ड जीपीएस वापरात आहे. त्यात अंगभूत लिथियम-आयन बॅटरी असून चार्जिंगसाठी यूएसबी-सी पोर्ट आहे. यंत्र म्हणून ते उत्तम आहे: भर उन्हात पडदा वाचता येतो, ओल्या हातांनी बटणे दाबता येतात, आणि पाण्याखालच्या खडपांच्या व जाळी टाकण्याच्या जागांच्या खुणा त्यात नीट जपल्या जातात. परंतु पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात, होडी किनाऱ्यावर ओढलेली असताना, आम्ही त्यात नवे फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारे आतले सॉफ्टवेअर, चढवले आणि त्यानंतर चार्जिंगच्या तक्रारी सुरू झाल्या. हा अभिप्राय प्रामुख्याने त्या तक्रारींविषयी आहे. त्यातले बरेचसे अशा कोणत्याही यंत्राला लागू पडत असल्याने कंपनीचे नाव येथे घेतलेले नाही.

लक्षणे अशी होती. रात्रभर चार्जरला लावूनही सकाळी आकडा अर्ध्याच्या थोडा पुढेच असे, आणि कधी पूर्ण शंभर टक्के दाखवून निघालेले यंत्र तीस टक्क्यांवर असतानाच अचानक बंद पडे. सेवाकेंद्राने यंत्र न उघडताच बॅटरी गेल्याचे सांगितले आणि बदलण्याचा खर्च कळवला. हे निदान मला पटले नाही, कारण अपडेटच्या आदल्या दिवसापर्यंत व्यवस्थित चालणारी बॅटरी केवळ सॉफ्टवेअर बदलल्याने एका रात्रीत झिजत नाही. बदलते ते तिला विद्युतप्रवाह किती द्यायचा आणि उरलेला साठा कसा मोजायचा याचे गणित.

चार्जर आणि यंत्र यांच्यामध्ये लावण्याचा, प्रवाह मोजणारा छोटा यूएसबी मीटर बाजारात काहीशे रुपयांत मिळतो आणि या तपासात त्याच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. अपडेटनंतर यंत्र भिंतीवरच्या चांगल्या चार्जरवरही अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाह घेत होते. यूएसबी २.० च्या नियमांनुसार संगणकाच्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर घेण्याची मुभा असते. साध्या चार्जरमध्ये डेटाच्या दोन तारा आतून जोडलेल्या असतात आणि त्यावरून तो चार्जर आहे हे ओळखून यंत्राने १.५ अँपिअरपर्यंत प्रवाह घ्यावा, अशी योजना आहे. ही ओळख पटली नाही की यंत्र समोर संगणक आहे असे समजून सावधपणे थोडेच घेते. त्यात पडदा आणि उपग्रहांचे संकेत घेणारा भाग चालू राहिला, तर आत आलेल्या विजेचा मोठा वाटा तिथेच संपतो. यंत्र पूर्ण बंद करून चार्जिंगला लावले तेव्हा सकाळपर्यंत ते भरले. कंपनीने पुढे दिलेल्या अपडेटनंतर प्रवाहही पूर्ववत झाला, मात्र त्यासोबतच्या टिपणात ‘किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिलेले होते. समुद्रात जाणाऱ्या माणसाच्या हाती यंत्र देणाऱ्या कंपनीकडून याहून स्पष्ट लेखनाची अपेक्षा आहे.

टक्केवारीचा घोटाळा वेगळा होता. बॅटरीत किती वीज गेली आणि किती बाहेर आली याचा हिशेब ठेवणारा भाग अनुभवातून बॅटरीची खरी क्षमता शिकत असतो, आणि अपडेटमध्ये तो शिकलेला हिशेब पुसला गेला असावा. यंत्र पूर्ण भरून, नेहमीच्या वापरात ते जवळजवळ उतरू देऊन, मध्ये न थांबता पुन्हा पूर्ण भरले, की आकडे बऱ्याच अंशी जागेवर येतात. हे घरी करावे, होडीवर नव्हे.

एक दोष मात्र अपडेटवर ढकलणे अन्यायाचे ठरेल. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने हे यंत्र मुळीच चार्ज होत नाही, पण चार्जरच्या बाजूला जुने रुंद (यूएसबी-ए) टोक असलेल्या केबलने होते. शेजारच्या होडीवर याच मॉडेलचे, अपडेट न केलेले यंत्र आहे आणि तेही तसेच वागते. सी प्रकारच्या पोर्टमध्ये ५.१ किलोओहमचे रोधक (रेझिस्टर) असावे लागतात. ते दिसल्याशिवाय सी-ते-सी केबलवर चार्जर वीज सोडतच नाही. येथे त्या रोधकांचीच उणीव दिसते, आणि कोणतेही फर्मवेअर ती भरून काढू शकणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी पाहाव्याच लागतात. खाऱ्या दमट हवेने पोर्टमधील पत्र्यांवर हिरवट थर चढतो. यंत्र बंद करून, मऊ ब्रशला थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तो काढावा आणि पोर्ट पूर्ण सुकू द्यावे. दुसरे म्हणजे उष्णता. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नये, म्हणून यंत्र स्वतःच चार्जिंग थांबवते. वैशाखात होडीच्या केबिनच्या काचेमागे ठेवलेले यंत्र दुपारी चार्ज होत नसेल, तर तो बिघाड नसून बॅटरीचे रक्षण आहे.

बंदीचे दोन महिने यंत्र रिकाम्या बॅटरीने पेटीत पडून राहिले, तर सेलचा विद्युतदाब तीन व्होल्टच्या खाली जाऊ शकतो. अशा वेळी चार्जिंगचा भाग सुरुवातीला अगदी बारीक प्रवाह देतो आणि बराच वेळ पडदा काळाच राहतो. लगेच निराश न होता मूळ चार्जरवर, डोळ्यांसमोर, ते तासभर राहू द्यावे. बॅटरी फुगलेली किंवा यंत्र गरम लागत असेल, तर मात्र चार्जिंग तिथेच थांबवावे. पावसाळ्यात ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली असावी.

ग्राहकसेवेकडून पहिला सल्ला येतो तो यंत्र मूळ स्थितीत आणण्याचा (रिसेट), आणि माझा सर्वांत मोठा आक्षेप त्यालाच आहे. तसे केल्यास साठवलेल्या सर्व खुणा पुसल्या जातात, आणि ही सूचना देणाऱ्याने त्याचा उल्लेखही केला नाही. आमच्या तांडेलांनी (होडीच्या प्रमुखांनी) वर्षानुवर्षे फिरून गोळा केलेल्या खडपांच्या जागा त्यात आहेत. त्या पुसल्या तर बॅटरी बदलून परत मिळत नाहीत. अपडेट असो वा रिसेट, आधी सगळ्या खुणा जीपीएक्स (जीपीएसच्या नोंदी साठवण्याचा प्रकार) फाइल म्हणून संगणकावर उतरवून घ्याव्यात, आणि पावसात वीज येत-जात असताना अपडेटला हात लावू नये.

नवे यंत्र घेणाऱ्यांना मी हे मॉडेल सुचवेन, पण सोबत रुंद टोकाची चांगली केबल आणि होडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारा खात्रीचा चार्जर घ्यावा. अंगभूत बॅटरी नको असेल, तर एए सेलवर चालणारी यंत्रेही मिळतात. त्यांचे सेल समुद्रातच बदलता येतात, आणि लांबच्या फेरीसाठी ती सोय मला अधिक भरवशाची वाटते.