एका हाताने पोहणाऱ्याला हा तलाव कसा वाटला

2022 पासून मी या तलावावर येतोय. माझा डावा हात कोपराखाली नाही. नववीत असताना सोयाबीनच्या मळणी यंत्रात गेला. पोहायला त्याआधीच आलं होतं, चुलत्याच्या विहिरीत, पाठीला प्लास्टिकचा कॅन बांधून. पॅरा स्विमिंगमध्ये, म्हणजे अपंगांच्या पोहण्याच्या स्पर्धांत, माझा गट एस-9 (शारीरिक अपंगत्वाचे गट एस-1 ते एस-10, आकडा मोठा तशी अडचण कमी). राज्य स्पर्धेत पदकं आहेत, राष्ट्रीय स्पर्धेला तीनदा जाऊन आलो. आमचं लेकरू इथं घालावं का, असं बरेच पालक विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पाण्याचं. मी लातूर जिल्ह्यातला. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आमच्या घरी घागरी मोजून पाणी वापरायचो. त्यामुळं तलावात उतरताना आजही मनात येतं, की हे पाणी कुणाच्या वाट्याचं तर नाही? 25 मीटर लांब, 10 मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल, म्हणजे पावणेचार लाख लिटर. मालकांना विचारलं तर त्यांनी मला थेट फिल्टरच्या खोलीत नेलं. तेच पाणी गाळून फिरवतात, रोज फक्त उडालेलं आणि फिल्टर धुण्यात गेलेलं भरतात. बोअरची पातळी खाली गेली की तलाव बंद ठेवतात. गेल्या वर्षी एप्रिलमध्येच बंद झाला आणि माझी स्पर्धेची तयारी अर्धी राहिली, पण त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

आता पोहण्याचं. एका हाताची ओढ जास्त असली की अंग सरळ जात नाही. माझं डावीकडं सरकतं. म्हणून तळाची काळी रेघ आणि लेनचे दोर माझ्यासाठी शोभेचे नाहीत. इथं रेघ ठळक आहे. दोर मात्र ढिले असतात, सांगितलं तरच ताणतात. कडेची लेन घेतली की एका फेरीत डावीकडं भिंत येते आणि अपुरा हात घासतो. बॅकस्ट्रोकला, म्हणजे पाठीवर पोहताना, तर खालची रेघ दिसतच नाही. भिंत जवळ आल्याचं कळावं म्हणून भिंतीपासून 5 मीटरवर वरून पताका लागतात. त्या इथं नव्हत्या. दोनदा डोकं आपटलं माझं. मग इथल्या प्रशिक्षक सरांनी गणपतीच्या मांडवातल्या पताका आणल्या, टेपनं 5 मीटर मोजलं आणि दोन्ही टोकांना दोरी बांधली. आता मी पताका दिसल्यापासून किती हात मारले ते मोजतो.

तलाव 25 मीटरचा आहे, हे स्पर्धेला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. 50 मीटरच्या शर्यतीत इथं एकदा वळावं लागतं आणि भिंतीला पाय मारून फुकटचा वेग मिळतो. इथं मला 34 सेकंद लागतात, 50 मीटरच्या तलावात साडेपस्तीस. पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हे कळलं, तेव्हा शेवटच्या 15 मीटरला दम संपला होता. इथल्या वेळेवर पदकाचा हिशोब करू नका.

सरांना मात्र पैकीच्या पैकी. आधी एका ठिकाणी मला सांगितलं होतं, की बटरफ्लायमध्ये (दोन्ही हात एकदम पुढं टाकून पोहायचा प्रकार) भिंतीला एकच हात लागला तर बाद. या सरांनी पॅराचा नियम काढून दाखवला: हात लहानमोठे असतील तर लांब हात टेकला तरी चालतो, पण दोन्ही एकाच वेळी पुढं ताणलेले हवेत. मग तीन महिने फक्त तेवढंच घोटून घेतलं. करमाळ्याच्या सुयश जाधव यांचं पोहणं बघायला लावलं. विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात गमावलेल्या या माणसानं 2018 च्या आशियाई पॅरा स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचं सुवर्ण मिळवलं. फी मला सगळ्यांइतकीच घेतात. मला ते आवडतं.

जे बदलायलाच हवं ते सांगतो. शिडी सरळ उभी, स्टीलची आणि निसरडी आहे. एका हातानं वर येताना हात सुटतो. कपडे बदलायच्या खोलीपर्यंत चार पायऱ्या आहेत, उतार नाही. आमच्या बॅचला कमरेखाली संवेदना नसलेला एक मुलगा येतो. त्याचे वडील त्याला उचलून आणतात, पाण्यात सोडतात आणि तासभर काठावर उकिडवे बसतात. त्यालाच सरांनी एकदा मुरलीकांत पेटकर साहेबांचं सांगितलं. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर गेलं, आणि 1972 ला जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 37.33 सेकंदांत सुवर्ण. माझे दोन्ही पाय धड आहेत आणि मी त्यांच्याहून जेमतेम तीन सेकंद पुढं आहे, हे मी त्या दिवशी त्या पोराला सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून तो घड्याळ लावा म्हणतोय.

मालकांना उताराचं मोजमाप लिहून दिलंय. तो झाला की पाचवा तारा देईन, आत्ता चार.

यायचं असेल तर सकाळी सहाची बॅच घ्या. सातनंतर गर्दी होते आणि मधली लेन मिळत नाही.